रिजेक्शन उतरते, पण टिकत का नाही?

शिरोली औद्योगिक वसाहतीत वडिलांनी उभी केलेली फौंड्री गेली 5 वर्षे सांभाळणाऱ्या एका तरुण उद्योजकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे पंपांच्या आणि ट्रॅक्टरच्या भागांची ओतकामे होतात. दर वर्षी पावसाळा सरला की ते रिजेक्शन, म्हणजे दोषामुळे बाद होणारा माल, कमी करण्याची मोहीम हाती घेतात. फलक लागतात, सकाळच्या सभा होतात, सगळे झटून कामाला लागतात आणि 9 टक्क्यांवरचे रिजेक्शन दिवाळीपर्यंत 5 टक्क्यांवर येते. मग सत्कार होतात, बक्षिसे वाटली जातात आणि मार्च उजाडेपर्यंत आकडा पुन्हा मूळ जागी जाऊन बसतो. माणसांचा उत्साह टिकवायचा कसा आणि एकदा मिळालेले यश कायमचे करायचे कसे, असे त्यांनी विचारले आहे.

कोल्हापूर परिसरातील ओतकामाच्या कारखान्यांत मी तीस वर्षांहून अधिक काळ काढला आहे. त्यातील पहिली बरीच वर्षे मी स्वतःही अशाच मोहिमा काढल्या आणि त्या ओसरताना पाहिल्या. त्या अनुभवावरून सांगतो की उत्साह टिकवण्याचा प्रयत्न तुम्ही सोडून द्यावा. उत्साह ओसरणारच. उन्हात आणि भट्टीच्या झळांत आठ तास उभे राहणाऱ्या माणसाने वर्षाचे तीनशे दिवस उत्साहात राहावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. ज्या दिवशी कोणालाच उत्साह नाही, सुपरवायझरच्या घरी आजारपण आहे, मालक पुण्याला गेले आहेत आणि वीज दोनदा गेली आहे, त्या दिवशीही साचा पूर्वीसारखाच पडेल अशी व्यवस्था असणे हे खरे काम आहे. तुमच्या मोहिमेत ही व्यवस्था बदलली नाही, फक्त तिच्यावर लक्ष ठेवणारे डोळे वाढले. डोळे कमी झाले, तसा आकडा परतला.

मोहिमेच्या दिवसांत नेमके काय घडते ते आठवून पाहा. तुम्ही सकाळी 8 वाजता शॉपवर, म्हणजे कामाच्या जागेवर, उभे असता, म्हणून साच्यांच्या वाळूची चाचणी दर तासाला होते. तुम्ही पाहत असता, म्हणून लॅडल, म्हणजे वितळलेल्या धातूचा रस घ्यायचे भांडे, नीट तापवल्याशिवाय भट्टीखाली जात नाही. कोअर, म्हणजे ओतकामात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा, करणारा मुलगा हवा निघण्याची छिद्रे विसरत नाही, साचा बंद करण्याआधी आतील सुटी वाळू हवेने उडवली जाते, आणि मॅग्नेशिअम घालून प्रक्रिया केलेला रस उगाच ताटकळत ठेवला जात नाही. अशा सात-आठ लहान गोष्टी नीट होऊ लागल्या आणि रिजेक्शन उतरले. परंतु त्यांपैकी कोणती किती उपयोगी पडली हे कोणी टिपून ठेवले नाही, कारण सगळ्यांची नजर फलकावरच्या टक्केवारीवर होती. कशामुळे उतरले हे ठाऊक नसेल, तर पुढे कशामुळे चढले हेही कळत नाही, आणि मग पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून मोहीम काढावी लागते.

आपल्या धंद्याचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घ्यायला हवे. लेथवर काम करणाऱ्याला निदान माप घेऊन पुन्हा एक कट मारता येतो. ओतकामात रस साच्यात गेला की जे व्हायचे ते होऊन जाते. ब्लो होल, म्हणजे वायूमुळे आत राहिलेली पोकळी, आहे की नाही हे फेटलिंगनंतर, म्हणजे ओतकाम घासून साफ केल्यावर, आणि पुष्कळदा तर गिऱ्हाइकाकडे मशिनिंग झाल्यावर, आठ-पंधरा दिवसांनी समजते. म्हणजे आज तुमच्या टेबलावर जो रिजेक्शनचा अहवाल आहे, तो मागच्या आठवड्यातील वाळूचा आणि रसाचा अहवाल आहे. त्याकडे पाहून आजच्या पाळीवर ओरडणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पावसाबद्दल यंदाच्या ढगांना जाब विचारण्यासारखे आहे. आज हातात काय आहे? वाळूतील ओलावा आहे, तिची दाबली जाण्याची क्षमता आहे, रसाचे रासायनिक प्रमाण आणि तापमान आहे, मॅग्नेशिअमची प्रक्रिया केल्यापासून शेवटचा साचा भरेपर्यंत गेलेली मिनिटे आहेत. या गोष्टी आज मोजता येतात आणि आजच सुधारता येतात. टिकाऊ यशासाठी मेहनत घ्यायची ती या ठिकाणी. निकालाचा आकडा महिन्याअखेरीस शांतपणे पाहिला तरी चालतो.

यावर तुमच्या वडिलांच्या पिढीतील माणूस म्हणेल की रोजच्या रोज आकडा पाहिल्याशिवाय धाक राहत नाही. मलाही तसेच वाटत असे. म्हणून थोडे गणित मांडतो, कारण ते उमगल्यावर माझी कामाची रीतच बदलली. समजा तुमच्याकडे दिवसाला 200 नग ओतले जातात आणि तुमच्या आजच्या व्यवस्थेत, काहीही वेगळे घडले नाही तर, सरासरी 6 टक्के, म्हणजे 12 नग वाया जातात. आता शॉपवर काडीचाही बदल न होता रोजचा आकडा 12 च राहील का? राहणार नाही. निव्वळ योगायोगाने तो एखाद्या दिवशी 6 येईल, एखाद्या दिवशी 18 येईल, आणि त्यातून नवे असे काहीच सिद्ध होणार नाही. ओतकामात दोष एकेकटे येत नाहीत, एका हीटमधले, म्हणजे भट्टीच्या एका खेपेच्या रसाचे, अनेक साचे एकदम बिघडतात, त्यामुळे प्रत्यक्षातील चढउतार याहूनही मोठा असतो.

आता ज्या दिवशी 18 नग गेले, त्या दिवशी तुम्ही पाळीला फैलावर घेतलेत. दुसऱ्या दिवशी आकडा बहुधा 18 पेक्षा कमीच येणार, कारण 18 हा सरासरीपासून दूरचा आकडा आहे. पण तुम्हाला वाटणार की ओरडण्याचा उपयोग झाला. ज्या दिवशी 6 नग गेले, त्या दिवशी तुम्ही पेढे वाटलेत. दुसऱ्या दिवशी आकडा वाढणार, आणि तुम्ही म्हणणार की कौतुक केले की माणसे शेफारतात. अशा रीतीने वीस वर्षांत एक कठोर, तापट आणि स्वतःच्या तापटपणावर पूर्ण विश्वास असलेला व्यवस्थापक तयार होतो. मी तसा झालो होतो, हे कबूल करायला आता संकोच वाटत नाही.

नशिबाने येणारा चढउतार कोणता आणि खरोखर काही बिघडल्याची खूण कोणती, हे ओळखण्याचे साधन नवे नाही. अमेरिकेत टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीसाठी काम करताना वॉल्टर श्यूहार्ट यांनी 1924 मध्ये नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. तीच विचारपद्धती घेऊन एडवर्ड्स डेमिंग यांनी 1950 मध्ये जपानमधील अभियंत्यांसमोर आणि कारखानदारांसमोर व्याख्याने दिली. आलेखावर मध्ये सरासरीची रेघ असते आणि वर-खाली मर्यादेच्या दोन रेघा असतात. मोजलेल्या आकड्याचा बिंदू मर्यादेच्या आत इकडेतिकडे फिरत असेल तर त्या एका बिंदूचे कारण शोधत बसू नये, आणि तो बाहेर गेला तर त्याच क्षणी काम थांबवून कारण शोधावे. मर्यादेच्या आतील सगळाच पट्टा नकोसा वाटत असेल, तर दोष एखाद्या माणसाचा नसतो, व्यवस्थेचा असतो, आणि ती बदलण्याचे अधिकार कामगाराकडे नसून तुमच्याकडे असतात. डेमिंग यांच्या शिकवणीतील हा शेवटचा भाग मालकवर्गाला फारसा आवडत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

याच्याच जोडीला एक दुसरी चूक येते आणि ती कष्टाळू माणसेच जास्त करतात. माझ्या हाताखाली एक फार प्रामाणिक सुपरवायझर होता. वाळूचा ओलावा थोडा कमी आला की तो लगेच पाणी वाढवी आणि थोडा जास्त आला की लगेच तोडी. दिवसभरात त्याचा हात पाण्याच्या कॉकवरून हलत नसे. त्याच्या पाळीत वाळू सर्वांत स्थिर असायला हवी होती, प्रत्यक्षात ती सर्वांत अस्थिर होती. जी प्रक्रिया मुळात स्थिर आहे, तिच्यात प्रत्येक निकालानंतर तेवढीच उलटी दुरुस्ती करत गेले, तर तिचा फैलाव, म्हणजे चढउताराचा पसारा, कमी होण्याऐवजी सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो, हे गणिताने दाखवता येते. त्याला आम्ही मर्यादा ठरवून दिल्या आणि त्यांच्या आत आकडा असेपर्यंत कॉकला हात लावायचा नाही असे सांगितले. पहिल्या आठवड्यात तो इतका अस्वस्थ होता की मला त्याची कीव आली. सातत्याने प्रयत्न करणे म्हणजे सतत काहीतरी करत राहणे, असा आपला समज असतो. पुष्कळदा ठरलेली गोष्ट ठरलेल्या वेळी करून उरलेल्या वेळात हात आवरणे हाच सातत्याचा अवघड भाग असतो.

आता नोंदींविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी प्रक्रियेची नौका याच खडकावर फुटते. तुमच्याकडे सँड टेस्टिंगचे रजिस्टर असणारच, गिऱ्हाइकाच्या ऑडिटसाठी ते लागतेच. उद्या ते उघडून फक्त शाईकडे पाहा. दर तासाला केलेल्या नोंदी वेगवेगळ्या दाबाने, कधी तिरक्या, कधी तेलकट बोटांच्या ठशांसकट उमटतात. पाळी संपताना एका बैठकीत भरलेल्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात, सुंदर अक्षरात असतात, आणि त्यांत ओलावा 3.6, 3.5, 3.6, 3.6 असा अगदी शहाण्या मुलासारखा वागतो. मी एका कारखान्यात नव्याने रुजू झालो तेव्हा तिथले रजिस्टर असेच देखणे होते. मी खालच्या मुलांना दमात घेतले. त्यांनी माना खाली घातल्या आणि पुढच्या आठवड्यापासून दोन वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी खोट्या नोंदी करायला सुरुवात केली.

चूक माझी होती, हे कळायला काही महिने गेले. चाचणीची खोली सँड प्लांटपासून लांब होती. वाळूचा नमुना घेऊन जाणे, चाचणी करणे, परत येणे यांत वीस मिनिटे जात, आणि तोवर मिक्सरजवळ कोणी नसे. शिवाय ओलावा जास्त आहे असे खरे लिहिले, तर लिहिणाऱ्यालाच बोलणी बसत आणि साचे पाडण्याचे काम तर काही थांबत नसे. जे लिहून काहीच बदलत नाही आणि खरे लिहिले तर अंगाशी येते, ते कोण खरे लिहील? आम्ही चाचणीचे टेबल मिक्सरच्या शेजारी आणले, मोजण्याच्या अकरा बाबींपैकी आठ बंद केल्या, आणि मर्यादेबाहेरचा आकडा लिहिणाऱ्याला प्लांट थांबवण्याचा अधिकार दिला. पहिल्यांदा एका पोराने प्लांट खरोखर थांबवला, तेव्हा उत्पादन विभागाचे साहेब धावत आले होते. त्या दिवशी मी त्या मुलाच्या बाजूने उभा राहिलो नसतो, तर ती व्यवस्था त्याच दुपारी संपली असती. प्रक्रिया कागदावर लिहिल्याने सुरू होत नाही, ती पहिल्यांदा महाग पडते तेव्हा मालक काय करतो ते सगळा शॉप पाहत असतो.

मोजमापांची भक्ती मी करत नाही, हेही सांगायला हवे. त्याच प्लांटवर मिक्सर चालवणारे एक वयस्कर कामगार होते, सगळे त्यांना मामा म्हणत. एका दुपारी आकडे ठीक होते, तरी मामा मला बोलावून म्हणाले, "साहेब, कागदावर बरोबर हाय, पण हाताला वाळू कोरडी लागतीया." आम्ही मिक्सरजवळचा नमुना सोडून मोल्डिंगच्या मशिनपाशी पोहोचलेल्या वाळूचा नमुना घेतला, तर ओलावा बराच कमी निघाला. सलग दोन पाळ्या चालल्यामुळे परत येणारी वाळू थंड व्हायला वेळच मिळत नव्हता. गरम वाळूतले पाणी पट्ट्यावरून जाताजाता उडून जाते, त्यामुळे मिक्सरपाशी खरा असलेला आकडा मशिनपाशी खोटा ठरतो. मामांच्या मुठीला जे कळले ते आमच्या तक्त्यात बसलेलेच नव्हते. त्यानंतर आम्ही परतीच्या वाळूचे तापमान ही बाब नोंदीत घेतली आणि नमुन्याची जागा बदलली. चांगली प्रक्रिया ही अशी जाणत्या हातांकडून शिकत जाते. मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांची मूठ गेली, पण त्यांनी दाखवलेली जागा रजिस्टरात राहिली.

आठवणीवर किती विसंबावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच उभे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी ज्याचे काम सुरू केले, त्या राधानगरी धरणाला 7 स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले आणि पाण्याचा दाब ठरावीक पातळीला गेला की ते आपोआप उघडतात, दाब उतरला की मिटतात. मध्यरात्री कोणीतरी जागे राहून दरवाजा उघडण्याची आठवण ठेवायची, अशी रचना तिथे नाही. तुमच्या शॉपवर कोणत्या गोष्टी कोणाच्या तरी आठवणीवर चालतात, हे एकदा फिरून पाहा. लॅडल तापवायचा बर्नर दुसऱ्या शेडमधून मागून आणावा लागत असेल, तर घाईच्या दिवशी लॅडल ओलसरच वापरला जाणार, आणि तो दोष माणसाचा नाही. बर्नर लॅडलच्या जागेवर कायमचा बसवा. मॅग्नेशिअमचा परिणाम मिनिटामिनिटाने उतरत जातो, म्हणून रस अमुक मिनिटांत ओतून संपवायचा असे तुम्ही शिकवलेले असेल, पण ओतणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घड्याळ आहे का? प्रक्रिया सुरू होताच आपोआप चालू होणारे आणि वेळ संपताच भोंगा वाजवणारे साधे टायमर बसवले, तर त्या एका गोष्टीपुरती शिस्त शिकवण्याची गरजच उरत नाही. शिस्तीची मागणी जितकी कमी कराल, तितकी ती जास्त टिकते.

खेळाची उदाहरणे देऊन कारखान्याच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची सवय मला फारशी आवडत नाही, पण याच राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांचे उदाहरण ओतकामाला चांगले लागू पडते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ते 590 गुणांसह पात्रता फेरीत सातवे आले होते. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून मारण्याच्या टप्प्यांत ते पहिल्या तिघांत नव्हते. उभ्याने मारण्याच्या शेवटच्या टप्प्यात ते वर सरकले आणि 451.4 गुणांसह त्यांनी कांस्यपदक मिळवले. सुटलेली गोळी आणि साच्यात गेलेला रस यांत मला फरक दिसत नाही, दोन्ही परत आणता येत नाहीत. मागच्या गोळीचा हिशेब डोक्यात घेऊन पुढची मारणाऱ्याचा हात स्थिर राहणार नाही. त्याच चालीने खाशाबा जाधवांकडेही पाहावे. कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकलेला हा मल्ल 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. मातीत घडलेल्या पैलवानाला मॅटवरची कुस्ती नवी होती. 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. लंडनच्या त्या सहाव्या क्रमांकात, कुठे कमी पडलो, हे सांगणारी माहिती भरपूर होती. निकालाचा उपयोग असाच करावा, वर्षातून थोड्या वेळा आणि पुढच्या तयारीसाठी.

यापुढे जे लिहितो ते कदाचित तुम्हाला रुचणार नाही. तुमच्याकडे मोल्डरना साच्याच्या नगावर मजुरी मिळते की दिवसाच्या पगारावर, हे प्रश्नात दिलेले नाही. नगावर मिळत असेल, तर वर लिहिलेले सगळे व्यर्थ आहे. साचा बंद करण्याआधी हवा मारायला लागणारी पंधरा सेकंदे त्या माणसाच्या खिशातून जातात, आणि तुम्ही त्याला रोज आपल्या पैशांनी तुमचा दर्जा सांभाळायला सांगत आहात. रिजेक्शनच्या टक्केवारीवर बोनस देण्याची पद्धतही मी जिथे जिथे पाहिली, तिथे तिथे रिजेक्शन कमी होण्याऐवजी दिसेनासे झाले. वाईट कास्टिंग मोजणीआधीच फोडून परतीच्या मालात भट्टीत जाते, आणि कागदावर सगळे आलबेल राहते. बक्षीस द्यायचेच असेल तर खऱ्या नोंदी आणि वेळीच थांबवलेले काम यांसाठी द्यावे.

वेळ किती लागेल, असा पुढचा प्रश्न तुमच्या मनात असेलच. वर सांगितलेल्या कारखान्यात आम्हाला टिकाऊ फरक दिसायला सव्वा वर्ष लागले. पहिल्या दोन महिन्यांत तर रिजेक्शन वाढल्यासारखे दिसले, कारण पूर्वी लपवले जाणारे दोष आता लिहिले जाऊ लागले होते. हा काळ सर्वांत धोक्याचा असतो. मालक घाबरतात, "हे सगळे कागदी घोडे आहेत" असे म्हणतात आणि पुन्हा फलक लावायला सांगतात. मी त्या काळात मालकांना टक्केवारी दाखवणेच बंद केले होते. आठवड्यातून एकदा एवढेच दाखवत असे की ठरलेल्या चाचण्यांपैकी किती खरोखर झाल्या, आणि ओलाव्याचा फैलाव गेल्या महिन्यापेक्षा अरुंद झाला की नाही. फैलाव आधी आवळला जातो, सरासरी नंतर हलते, आणि पैसे तर सगळ्यांत शेवटी दिसतात. हा क्रम उलटा होताना मी पाहिलेला नाही.

या वाटेवर एका बाबतीत स्वतःला आवरावे लागेल. एकाच वेळी दोन गोष्टी बदलू नका. नवे बेंटोनाइट, म्हणजे वाळू बांधून ठेवणारी माती, आणि नवी कोअरची पद्धत एकाच आठवड्यात आणली आणि फरक पडला, तर श्रेय कोणाला द्यायचे? एक बदल करा, त्याला दोन-तीन आठवडे द्या, आलेखावर पाहा, मग ठेवायचा की काढायचा ते ठरवा. हे फार हळू वाटते. वर्षात जेमतेम पंधरा बदल तपासून होतात. पण त्यांतले सात-आठ टिकले, तरी पाच वर्षांत तुमची फौंड्री शेजाऱ्याला ओळखू येणार नाही. आणि प्रक्रिया पवित्र मानू नका. ज्या कास्टिंगला बाजारात मागणीच उरलेली नाही, ते कितीही निर्दोष ओतले तरी दुकान चालत नाही. काय ओतायचे हा निर्णय वेगळा आहे आणि तो रजिस्टर पाहून होत नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली, ते तुम्हाला आठवत असेल. माल येईना, कामगार येऊ शकेनात, भट्ट्या थंड पडल्या. पाणी ओसरल्यावर काम सुरू करताना मला एक फरक ठळकपणे दिसला. जिथे सगळे ज्ञान दोन-तीन मिस्त्रींच्या डोक्यात होते आणि ते मिस्त्री स्वतःच्या घरातला चिखल उपसत होते, तिथे पहिले पंधरा दिवस नुसते चाचपडण्यात गेले. जिथे लांबलेल्या सुट्टीनंतर वाळू कशी जागी आणायची, पहिल्या किती साच्यांवर महत्त्वाचे काम घ्यायचे नाही, भिजलेले भंगार भट्टीत टाकण्यापूर्वी काय करायचे, हे मागील अनुभवातून लिहिलेले होते, तिथे नव्या पोरांनीही काम उचलले. तसे पाहिले तर हा पूर दर आठवड्याला लहान प्रमाणात येतच असतो. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीचे रिजेक्शन वेगळे काढून पाहा. हॉपरमध्ये, म्हणजे वाळू साठवायच्या टाकीत, दिवसभर पडून राहिलेली वाळू वरून सुकलेली असते आणि पहिल्या तासाचे साचे तिचेच पडतात.

म्हणून सुरुवात तिथूनच करा असे मी सुचवेन. यंदा मोहीम काढू नका, फलक रंगवू नका. वाळूचा ओलावा, परतीच्या वाळूचे तापमान आणि मॅग्नेशिअमच्या प्रक्रियेपासून शेवटच्या साच्यापर्यंतची मिनिटे, एवढ्या तीनच गोष्टी घ्या. त्या कोण, कुठे, किती वाजता मोजणार आणि मर्यादेबाहेर गेल्या तर कोण काय करणार, हे मिक्सरवरच्या आणि भट्टीवरच्या माणसांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहा. तुम्ही स्वतः रोज सकाळी एकाच वेळी, एकाच वाटेने अर्धा तास फिरा, आदल्या दिवशीचे पान पाहा, मर्यादेबाहेरच्या आकड्यापाशी थांबून "काय झाले होते" एवढेच विचारा आणि पुढे चला. पुण्याला जायचे असेल त्या दिवशी तुमच्याऐवजी कोण फिरणार, हेही आजच ठरवून ठेवा. नोंदवही वर्षभराची एकच ठेवा आणि ती टाकून देऊ नका. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडेल, हवेत दमटपणा वाढेल, कोअर ओल धरू लागतील आणि ब्लो होल्सच्या तक्रारी सुरू होतील, तेव्हा यंदाच्या जूनचे पान उघडून टेबलावर ठेवा आणि मामांसारखा जो कोणी तुमच्या मिक्सरवर असेल, त्याला शेजारी खुर्ची द्या.